इंगळी दोन आहेत: कृष्णाकाठचा पूर आणि डेटाचं काम

चिकोडीकडच्या एका सदस्यानं विचारलंय: "पुण्यात डेटाचं काम करतो, मशीन लर्निंग येतं. कृष्णाकाठच्या पुरासाठी काही करायचंय, पुढं जमलं तर आंतरराष्ट्रीय मदतकार्यात जायचंय. सुरुवात कुठल्या मॉडेलपासून करू?"

मॉडेल, म्हणजे डेटावरून अंदाज बांधणारा प्रोग्राम, थोडं बाजूला ठेवा. आधी गावांची नावं घ्या.

ऑगस्ट २०१९. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, सगळ्याच पात्राबाहेर. पुण्या-मुंबईच्या काही मुलांनी रात्रीतून एक शीट उभी केली होती आणि व्हॉट्सॲपवर आलेले मदतीचे निरोप त्यात भरत होती. तळमळीनं करत होती, यात शंका नाही. मी बेळगावात बसून तीच शीट तपासत होतो. एक निरोप होता: इंगळी, गच्चीवर माणसं अडकलीत, प्यायला पाणी नाही. नकाशानं टाचणी मारली ती हातकणंगले तालुक्यातल्या, पंचगंगेकाठच्या इंगळीवर. निरोप होता कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातल्या इंगळीचा, कृष्णाकाठचा. पूर दोन्हीकडं होता, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही. निरोप कोल्हापूरच्या यादीत गेला आणि अर्धा दिवस तिथंच पडून राहिला. मी फोन करून तालुका विचारला तेव्हा उलगडा झाला.

चूक संगणकाची म्हणून सोडून देऊ नका. शीटमध्ये राज्याचा रकानाच नव्हता. निरोप मराठीत आहे म्हणजे माणूस महाराष्ट्रातला, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. निपाणी, चिकोडी, खानापूर या भागातली लाखो मराठी माणसं त्या एका गृहीतकात बसत नाहीत. तुम्ही स्वतः तिथले आहात. हे तुम्हाला आपोआप दिसेल, बंगळुरू किंवा जिनिव्हातल्या माणसाला नाही. तुमची खरी ताकद ही आहे, कोडिंग नंतर.

जानेवारी २०१०च्या हैतीच्या भूकंपाचं उदाहरण सगळे देतात. लोकांनी ४६३६ या क्रमांकावर एसएमएस पाठवले, ते नकाशावर आले, जगभरच्या स्वयंसेवकांनी ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काढले. पण ते एसएमएस क्रिओल भाषेत होते. परदेशात राहणाऱ्या हैतीच्याच लोकांनी ते वाचले, भाषांतर केले, कुठली गल्ली कुठं येते ते सांगितलं. गल्लीचं बोलीतलं नाव ओळखणारा माणूस नसता तर ते निरोप नुसते अक्षरांचे ढीग राहिले असते.

आमच्याकडं नावाचा घोळ गावापुरताच नाही. ज्ञानदेव घ्या. इंग्रजीत हे नाव महाराष्ट्राच्या वळणानं लिहिलं तर 'डी'पासून सुरू होतं, कर्नाटकातल्या शाळेत 'जे'पासून. उताऱ्यावर ते कन्नडमध्ये, आधारवर एका स्पेलिंगनं, बँकेच्या पासबुकावर दुसऱ्याच. किती अक्षरं वेगळी आहेत ते मोजून नावं जुळवणारी नेहमीची पद्धत इथं सरळ आपटते आणि पडलेल्या घराच्या भरपाईच्या यादीत एकच माणूस दोनदा येतो, नाहीतर एकदाही येत नाही. नावं आधी कन्नड किंवा देवनागरीत आणा, उच्चारावरून जुळवा आणि शंकास्पद जोड्या त्या गावातल्या माणसासमोर ठेवा. काम कंटाळवाणं आहे, शोधनिबंधात कुणी छापणार नाही, पण एखाद्या कुटुंबाचं घर त्यावर उभं राहतं.

आता उपग्रह. ढगांतून बघता येतं म्हणून पुरात रडारची चित्रं वापरतात. युरोपचा सेंटिनेल-१ हा २०१४पासूनचा उपग्रह, त्याची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. उघडं पाणी रडारची लाट आरशासारखी दुसरीकडं फेकतं, म्हणून चित्रात काळं दिसतं. पण आपल्या काठाला उघडी जमीन कितीशी आहे? सगळा ऊस. आडसाली ऊस ऑगस्टात माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. त्या रडारची लाट पाल्यातच अडकते आणि खाली छातीएवढं पाणी असलं तरी रान कोरडं दिसू शकतं. त्याच उसाच्या मध्ये मळ्यातल्या वस्त्या असतात, चार-सहा घरांच्या. शिवाय एकच उपग्रह त्याच कक्षेवरून बारा दिवसांनी परततो. मधेच पाणी चढून उतरलं तर चित्रात काहीच नाही. तुमचा नकाशा 'कोरडं' म्हणेल तिथं 'माहीत नाही' असा तिसरा रंग ठेवा. हे मी फार कळकळीनं सांगतोय.

मोबाइलचा डेटाही असाच. हैतीत डिजिसेल कंपनीच्या सिमकार्डांच्या नोंदींवरून संशोधकांनी काढलं की पहिल्या १९ दिवसांत सुमारे ६ लाख ३० हजार माणसं राजधानी सोडून गेली. फार मोलाची गोष्ट होती ती. पण निपाणी-कागवाडकडं फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. माणूस घरातच असतो, डेटात सीमा ओलांडून गेलेला असतो. आणि एका घरात एकच फोन असेल तर तो कर्त्या पुरुषाच्या खिशात. तो जनावरं घेऊन माळावर गेला की डेटा म्हणतो कुटुंब सुखरूप बाहेर पडलं, आणि म्हातारी मात्र माळवदावर बसलेली. टोगो देशानं २०२०मध्ये कोविडच्या काळात नोव्हिसी योजनेत मोबाइलच्या वापरावरून गरीब माणसं ओळखून पैसे पाठवले. पद्धत चांगली होती, तरी सिमच नसलेला माणूस त्या छाननीत येणार कसा? लोक काय शोधतात त्यावरून गूगलनं बांधलेला फ्लूचा अंदाज तर २०१२-१३च्या हिवाळ्यात प्रत्यक्षाच्या दुपटीवर गेला होता. मोठा डेटा म्हणजे सगळ्यांचा डेटा नव्हे.

एक गोष्ट अजून, जरा नाजूक. ह्यूमन राइट्स वॉचनं २०२१मध्ये मांडलं की बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांची नोंदणीतली माहिती त्यांच्या नीट संमतीशिवाय म्यानमारपर्यंत पोचली, म्हणजे ज्यांच्यापासून ते पळाले त्यांच्याच हातात. आपल्याकडं एवढं भयंकर काही नाही. पण २०१९मध्ये रेशनकार्ड, आधार, पासबुक यांचे फोटो शेकडो जणांच्या ग्रुपवर फिरत होते, आणि मीही त्यातले काही पुढं पाठवले. नको होतं करायला. सीमाभागात तर व्यक्तीच्या नावापुढं मातृभाषेचा रकाना ठेवूच नका. इशारा कुठल्या भाषेत द्यायचा हे गावाच्या पातळीवर नोंदवा, बहुतेक ठिकाणी तो कन्नड आणि मराठी दोन्हींत द्यावा लागेल. माणसाच्या भाषेची नोंद कधी कुणाच्या हातात पडेल आणि ती कशासाठी वापरतील, सांगता येत नाही.

तर सुरुवात. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग आणि दूधगंगेचं पाणी यांची बेरीज काठावरची माणसं पावसाळ्यात रोज करतात. अमुक आकडा आला की कुठला पूल बुडतो, कुठल्या मळ्याची वाट बंद होते, हे त्यांना पाठ असतं. तो आकडा आणि ती वाट एका तक्त्यात मांडा. प्रत्येक वस्तीचं बोलीतलं नाव, होडी कुणाकडं, आशाताई कोण, गंजी केंद्राची, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीची, शाळा कुठली. ओपनस्ट्रीटमॅपवर वस्तीचं मराठी आणि कन्नड नाव वेगवेगळ्या रकान्यांत भरता येतं, तिथं फक्त वस्त्या आणि वाटा टाका. माणसांची नावं, नंबर ग्रामपंचायतीच्या वहीतच राहू देत. मॉडेल यानंतर, आणि तेव्हा ते तपासायला तुमच्याकडं खरी नोंद असेल. परदेशातल्या संस्थेनं उद्या विचारलं की काय केलंत, तर हा तक्ता दाखवा.

मे महिन्यात गावी याल तेव्हा इथंच कळवा. सदलग्याच्या बाजूच्या मळ्यांची वही माझ्याकडं भरलेली आहे, कल्लोळच्या खालची पानं अजून कोरी आहेत.