नंबर लागला म्हणून ग्राउंड बंद करू नका

नागपुरात शाळकरी मुलांचं आणि पालकांचं समुपदेशन करताना एक प्रश्न मला सारखा येतो, "मॅडम, पोरीला पहिल्यांदाच चष्म्याचा नंबर लागला, आता दरवर्षी वाढतच जाईल का?" म्हणून एका घरची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगी दहा वर्षांची. फळ्यावरचं दिसेना म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवायची, बाईंच्या लक्षात आलं, मग तपासणीत दोन्ही डोळ्यांना मायनस पाऊण, म्हणजे दूरचं धूसर दिसायचा नंबर निघाला. आई रडतच आली, "आमच्या दोघायलेही चष्मा नाही जी, हिलेच काहून लागला?" आजीचं म्हणणं चष्मा लावूच नका, सवय पडते, गाजराचा रस द्या. बाबांनी तर संध्याकाळचं ग्राउंडच बंद केलं, चष्मा फुटेल म्हणून, आणि त्या वेळात ट्यूशन लावली.

मला सगळ्यात वाईट त्या ग्राउंडचं वाटलं. मायनस नंबरात बहुतेक मुलांचा डोळा मागच्या बाजूने जरा जास्त लांब वाढलेला असतो, म्हणून दूरचं चित्र डोळ्यातल्या पडद्याच्या अलीकडेच पडतं, आणि नंबर लागू नये यासाठी दिवसाचा बाहेरचा उजेड कामी येतो हे नीट दिसलंय. तैवानने २०१० पासून शाळेतल्या मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायला सुरुवात केली, तर वर्षानुवर्षं वाढत चाललेलं अधू नजरेच्या मुलांचं प्रमाण उतरायला लागलं. नंबर लागल्यावर हा फायदा तेवढा राहत नाही हेही मी त्यांना सांगितलं, पण म्हणून तो उजेड काढून घ्यायचा अन् वरून आणखी दोन तास वहीत डोकं घालायला लावायचं, हे तर उलटंच झालं न.

आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत कोण पाठवेल पोराले बाहेर, तर सकाळी सहा-साडेसहाला पाठवा, नाहीतर ऊन उतरल्यावर अंधार पडायच्या आत. कडुनिंबाच्या सावलीतही घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट उजेड असतो, सूर्याकडे पाहायची काही गरज नाही.

चष्म्याचं म्हणाल तर तो लावल्याने नंबर वाढत नाही, मुद्दाम कमी नंबरचा दिल्यानेही थांबत नाही. गाजर खाऊ द्या, चांगलंच आहे, नंबर मात्र उतरत नाही त्याने. मुलांची तपासणी डोळ्यात थेंब टाकूनच करून घ्या, कारण जवळचं पाहून पाहून ताणलेला डोळा खोटा नंबरही दाखवतो. नंबर भराभर वाढत असला तर अगदी कमी ताकदीच्या अॅट्रोपिनचे थेंब असतात, पण ते डॉक्टरच ठरवतील, मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका.

घरात एकच खूण शिकवली, कोपर टेबलावर टेकवायचं, मूठ हनुवटीखाली ठेवायची, पुस्तक कोपर ते मूठ एवढ्या अंतराहून डोळ्यांच्या जवळ आणायचं नाही. वीसेक मिनिटं वाचलं की खिडकीतून दूरच्या झाडाकडे पाहायचं, डोळ्यांना आराम पडतो. मोबाइल मात्र आधी आईबाबांनी जेवताना बाजूला ठेवायचा, मगच तिला म्हणायचं.

ती मुलगी चष्मा दप्तरात लपवायची, पोरं चिडवतात म्हणून. त्यावरच आमच्या दोन बैठका गेल्या. मग फ्रेम तिची तिनेच निवडली, जांभळी.

सहा महिन्यांनी आईचा फोन, "पाव नंबर वाढला जी, आमचंच काही चुकलं का?" नाही चुकलं. वाढत्या वयात थोडा वाढतोच, तो किती वेगाने वाढतो ते पाहायचं, पुढच्या सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. ट्यूशन आता अंधार पडल्यावर आहे, आणि ती चष्म्याला मागून इलॅस्टिकचा पट्टा बांधून खो-खो खेळते.