वात्रटिकेत गवई कसा आणायचा

तुझी वात्रटिका वाचली बे. बारा ओळी? कडक भाकरीसारखी हवी, पातळ अन् कडकन मोडणारी. चार पुरे.

भीमसेन जोशींचा आवाज, ताना यांवर विनोद करू नकोस, सगळे तेच करतात. किस्सा धर. गुरू शोधायला ते ११व्या वर्षी घरातून पळाले, मग असं होतं :

गाणं शिकण्या भीमसेन
घर सोडून पळाले
मी नुसता सा लावला
तर शेजारी पळाले!

यमक तेच, चालतंय. कलाटणी चौथ्या ओळीतच हवी, अन् टोला स्वतःला. कलाकाराच्या आजारपणावर, व्यसनावर तर अजिबात नको. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात म्हणायच्या आधी घरात मोठ्यानं वाच. आई हसली नाही तर फाड.