शब्दशंका : रेव, रेती, वाळू आणि पुळण

प्रश्न : मी मालवण तालुक्यातील एका शाळेत मराठी शिकवते. पाचवीतील एका मुलीने निबंधात ‘आम्ही रेवेत किल्ला केला’ असे लिहिले. घाटावरून बदलून आलेल्या सहकाऱ्यांनी ‘रेव म्हणजे बारीक खडी, येथे वाळू हवे’ असा शेरा मारून गुण कापला. कोणाचे बरोबर?

उत्तर : मुलीचे वाक्य बरोबर आहे. आपल्या सहकाऱ्यांना ठाऊक असलेला अर्थही खरा आहे. चूक झाली ती गुण कापण्यात. देशावर रेव म्हणजे खड्यांची जाडसर वाळू, अनवाणी पायांना टोचणारी. मालवणीत आणि शेजारच्या कोकणीत मात्र हाच शब्द, पुष्कळदा ‘रेंव’ असा नाकातून उच्चारलेला, समुद्राच्या मऊ वाळूलाही सर्रास लावतात. तारकर्लीच्या किनाऱ्यावर ओंजळीत घेतलेली वाळू पिठीसारखी बोटांच्या फटींतून गळून जाते; घरी तिला जे म्हणतात तेच त्या मुलीने लिहिले. ‘पोरां रेवेत खेळतत’ या वाक्यात कोणाच्याही डोळ्यांपुढे खडी येत नाही.

शब्दकोशाचा आधार घेताना तो कसा तयार होतो हेही लक्षात ठेवावे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला आणि वाढवलेली आवृत्ती 1857 मध्ये. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग 1932 ते 1938 या काळात प्रसिद्ध झाले. ही फार मोठी कामे आहेत आणि माझ्या टेबलावर ती कायम उघडी असतात. परंतु कोशकार बोलणाऱ्यांकडून शब्द गोळा करतो, बोलणाऱ्यांना परवाने देत नाही. एखादा अर्थ कोशात सापडला तर तो प्रचारात होता हे सिद्ध होते. सापडला नाही म्हणून तो चुकीचा ठरत नाही. शाळेत मुलीला दोन्ही अर्थ सांगावेत, प्रमाण लेखनात ‘वाळू’ अधिक ठिकाणी समजेल हेही सांगावे, आणि कापलेला गुण परत द्यावा.

याच अनुषंगाने एक शब्द मी मुद्दाम पुढे करतो, तो म्हणजे ‘पुळण’. भरतीच्या रेषेपासून सुरूच्या बनापर्यंत पसरलेला वाळूचा पट्टा म्हणजे पुळण. संस्कृतात ‘पुलिन’ म्हणजे पाण्याकाठचा वाळवट भाग, आणि त्याच्याशी या शब्दाचे नाते उघड दिसते. गणपतीपुळ्याच्या नावातील ‘पुळे’ही पुळणीशीच जोडले जाते. वाळू हा पदार्थ आहे, पुळण ही जागा आहे, आणि हा भेद एका शब्दात दाखवण्याची सोय फार थोड्या शब्दांत असते. आज रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या फलकांवर ‘बीच’ आणि ‘चौपाटी’ हेच दोन शब्द दिसतात. चौपाटी मुंबईहून आली, तिच्याशी वैर नाही. पण पुळणीसमोर घर असलेल्या माणसानेही पुळण म्हणणे सोडले, की मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : वाळू आणि रेती यांत फरक आहे का? हिंदीत ‘रेत’ म्हणजे वाळू. मराठीत हा शब्द उच्चारताच मुले हसतात.

उत्तर : अर्थाने दोन्ही एकच, फरक वापराचा आहे. ‘वाळू’ संस्कृत ‘वालुका’वरून आली. खेळात, कवितेत, म्हणीत तीच असते. बांधकामावर, विशेषतः मुंबई-ठाण्याकडे आणि उत्तर कोकणात, रेती अधिक ऐकू येते. ठाण्याच्या खाडीकाठचे रेतीबंदर त्याच व्यवहाराचे नाव आहे. ‘रेत’ हा मराठीत संस्कृत ‘रेतस्’ म्हणजे वीर्य या अर्थी आहे, पशुवैद्यकातील ‘कृत्रिम रेतन’ त्यावरूनच. हिंदी ‘रेत’ निराळा शब्द आहे, एवढे मुलांना सरळ सांगितले की हसू थांबते.

धंद्यातील बोली ऐकण्यासारखी आहे. खाडीत होडी उभी करून माणूस तळाशी बुडी मारतो आणि पाटीत वाळू भरून वर देतो, त्या पद्धतीला ‘हातपाटी’ किंवा ‘डुबी’ म्हणतात. पाटी म्हणजे येथे टोपली, लिहिण्याची पाटी नव्हे. हे शब्द सरकारी कागदांतही जसेच्या तसे गेले आहेत. वाळू मोजतात ‘ब्रास’मध्ये, म्हणजे शंभर घनफुटांत, त्या शब्दाचा पितळेशी संबंध नाही. ‘खारी रेती’ म्हणजे खाडीची न धुतलेली वाळू. तिच्यातील क्षारांमुळे काँक्रीटमधील सळ्या गंजतात, म्हणून गवंडी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहतो. ही जिभेची परीक्षा कोणत्याही कोशातील व्याख्येइतकीच नेमकी आहे.

प्रश्न : ‘वाळीत टाकणे’ म्हणजे वाळूत टाकणे का? आणि वाळूक?

उत्तर : दोन्हींचा वाळूशी संबंध लावू नये. जुन्या मराठीत ‘वाळणे’ म्हणजे टाकून देणे, वगळणे. ‘वाळीत’ त्यावरून आले. कोकणातील गावकीत या शब्दाने अनेक घरांचे पाणी तोडले आहे, आणि महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा लागू असल्याने हा आता गुन्हा आहे. वाळूक ही काकडीच्या जातीची फळभाजी.

प्रश्न : ‘पायाखालची वाळू सरकणे’ आणि ‘वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ यांचे नेमके अर्थ सांगावेत.

उत्तर : पहिल्याचा अर्थ आधार अचानक सुटल्याने हादरणे. तो अनुभवायचा असेल तर ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यात स्थिर उभे राहावे. लाट परतताना टाचांच्या कडेची वाळू पोखरून नेते, टाचा खाली जातात, अंगठे वर उचलले जातात, आणि आपण जागचे हललो नसतानाही तोल जातो. लहानपणी मी हे तासन्‌तास करीत असे. म्हणून केवळ वाईट बातमीसाठी हा वाक्प्रचार मी वापरत नाही. ज्यावर आपण निर्धास्त उभे होतो तेच निघून गेले, असे असेल तरच तो शोभतो.

दुसरी ओळ वामन पंडितांची आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकातील श्लोकाचे ते भाषांतर. मूळ श्लोकात ‘सिकता’ आहे, पंडितांनी ‘वाळू’ योजली. शाळांच्या भिंतींवर ती प्रयत्नांची महती म्हणून रंगवलेली असते, पण पूर्ण श्लोकाचा रोख निराळा आहे: वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाचे शिंगही सापडेल, परंतु हट्टी मूर्खाचे मन वळवता येणार नाही. तेथे वाळूचे तेल हे अशक्याचेच उदाहरण आहे. एकट्या ओळीला रूढीने दिलेला प्रोत्साहनाचा अर्थ आज पक्का झाला आहे आणि तो वापरण्यास हरकत नाही. श्लोक शिकवताना मात्र चारही चरण शिकवावेत.