पेपर हातात आला की ती डोळे मिटते

प्रश्न: मुलगी चौथीत आहे, पेपर मिळाला की डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना करते, मुलं हसतात आणि मॅडम म्हणतात हे सगळं घरी. तिला थांबवू का?

उत्तर: अजिबात नको. मनातल्या प्रार्थनेने कुणाचं काय बिघडतं? संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क कराराचं कलम 14 मुलांचा श्रद्धेचा हक्क मानतं, आईवडिलांनी वाट दाखवायची पण मुलाची समज वाढेल तसतशी. मॅडमना एकट्यात भेटा, भांडायला म्हणून जाऊ नका, पण हसणाऱ्यांना आवरणं हे त्यांचंच काम आहे हे सांगा (बऱ्याच शाळा नेमकं हेच विसरतात). आणि हो, शेजारची मुलगी प्रार्थना करत नसेल तर तिला टोकायचं नाही, हे लेकीलाही सांगून ठेवा.