घाम, गरम, थर्मोकपल आणि फर्नेस

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. फर्नेसजवळच्या पाटीवर त्यांनी 'गरम' लिहिलं. एक सहकारी म्हणाले, "हा फारसी शब्द, 'उष्ण' लिहा." दुसरे म्हणाले, "मूळ शब्द संस्कृत 'घर्म'. ग्रीकांनी त्यावरूनच 'थर्म' उचलला." यातलं खरं काय?

'गरम' फारसीतून आला, हे खरं. पण ग्रीकांनी संस्कृतातून काही उचललं नाही. 'घर्म' आणि ग्रीक 'थेर्मोस' ही भावंडं आहेत, त्यांची आई दोघांहून जुनी. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ आज बहुधा उरलेलं नाही, असं विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीश आणि भाषाअभ्यासकाने कलकत्त्यात 1786 साली मांडलं होतं. फारसीलाही त्याने याच कुळात धरलं होतं.

उसना शब्द आणि सख्खा शब्द यांतला फरक उच्चारांच्या शिस्तीत दिसतो. मूळ भाषेत 'घ' आणि 'व' एकजीव झाल्यासारखा एक ध्वनी होता. संस्कृतात त्याचा 'घ' झाला, ग्रीकमध्ये 'ए'च्या आधी 'थ', लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'फ'. म्हणून इकडे घर्म, तिकडे थेर्मोस, आणि लॅटिनमध्ये गरम या अर्थी 'फोर्मुस' नि भट्टीला 'फोर्नाक्स'. या फोर्नाक्सचंच पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीत फर्नेस झालं.

एका जोडीवर विश्वास ठेवू नका, दुसरी घ्या. तुमच्या कारखान्यात घण असेलच. तो संस्कृत 'घन', 'हन्' म्हणजे मारणे या क्रियाधातूचा. त्याच मुळातून ग्रीकमध्ये 'थेइनो', म्हणजे मी मारतो, आणि लॅटिनमध्ये 'देफेन्देरे', म्हणजे मारून परतवणे. डिफेन्स त्यातलाच. पुन्हा घ, थ, फ! उसनवारीत अशी शिस्त सापडत नाही.

फारसी ज्या इराणी शाखेतली, तिच्यात महाप्राण, म्हणजे 'घ', 'भ' यांतला 'ह'चा श्वास, गळाले, म्हणून घर्मच्या जागी 'गर्म'. भ्रातृच्या जागी 'बिरादर' झालं तेही असंच. तो गर्म फारसीबरोबर आपल्याकडे आला आणि आपण त्याचा 'गरम' केला. तोवर घरच्या वाटेने आलेला शब्द मराठीत नांदतच होता, तो म्हणजे घाम. घर्म, प्राकृतात घम्म, मग घाम. कर्म-कम्म-काम आणि चर्म-चम्म-चाम हीच चाल. जोडाक्षर सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो. मला स्वतःला हा बदल फार देखणा वाटतो.

अर्थ मात्र मराठीत सरकला. घर्म म्हणजे उष्णता, उन्हाळा. वैदिक प्रवर्ग्य विधीत तापवलेल्या दुधालाही घर्म म्हणत. आपण उष्णतेचं नाव तिच्या परिणामाला दिलं. मे महिन्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की त्याचं कारण सांगावं लागत नाही. नेपाळीत जुना अर्थ टिकला आहे. आमच्या सोसायटीचे नेपाळी वॉचमन जुलैतल्या एका सकाळी हसत म्हणाले, "घाम लाग्यो." मी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, ते कोरडं होतं. चार दिवसांच्या पावसानंतर ऊन पडलं होतं, ते सांगत होते.

इंग्रजी 'वॉर्म' याच मुळाचा का, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत, म्हणून तो इथे धरलेला नाही.

आता 'उष्ण'. त्याचं कूळ निराळं, 'उष्' म्हणजे जाळणे. लॅटिन 'ऊरेरे' त्याचा भाऊबंद, आणि इंजिनातल्या 'कंबश्चन'मध्ये तोच लपलाय. मराठीत त्याचं 'ऊन' झालं. उन्हाळ्यातलं ऊनही तेच आणि ऊन ऊन भातातलंही तेच. 'ताप'चा धातू तिसरा, 'तप्'. कोमट या अर्थी लॅटिन 'तेपिदुस' आणि ऊब या अर्थी रशियन 'तेप्लो' हे त्याच्या घरचे.

तेव्हा पाटीवर 'गरम'च राहू द्या. 'सावधान, फर्नेस गरम आहे' हे धावत्या माणसालाही वाचताक्षणी कळतं, आणि 'उष्ण'पाशी तो क्षणभर अडखळेल. शिवाय त्या पाटीवरचे फर्नेस आणि गरम, आत तापमान मोजायला लावलेलं थर्मोकपल आणि तुमच्या कपाळावरचा घाम, हे चारही एकाच मुळाचे आहेत. दुसऱ्या सहकाऱ्यांना एवढं जरूर सांगा.