एक्सटर्नल हार्ड डिस्कवरून सर्व्हरचा डेटा रिस्टोअर करताना स्पीड ४-५ एमबीच येतोय, कसा वाढवायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की ऑफिसच्या विंडोज सर्व्हरची डिस्क गेली, नवीन टाकली, विंडोज परत चढवलं, आणि आता एक्सटर्नल ड्राइव्हवरचा दीड टीबीचा बॅकअप आत घेताय तर स्पीड सेकंदाला ४-५ एमबीच्या वर जात नाही आणि साडेतीन दिवस दाखवतंय. मी नाशिकला सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो, हा प्रसंग मी बऱ्याचदा पाहिलाय, तिकडे सगळे लोक काम थांबवून बसलेले असतात आणि प्रत्येक तासाला कोणीतरी येऊन विचारतं झालं का, त्यामुळे तुमची अवस्था कळते.

स्पीडचं सांगतो, पण त्याआधी एक काम आत्ताच करा. सर्व्हरवर रात्रीचा बॅकअप जॉब परत लावला असेल तर तो बंद करा. आत्ता तुमच्या डेटाची जगात एकच कॉपी आहे, ती त्या ड्राइव्हवर, आणि रात्री ११ ला तो जॉब सुरू होऊन अर्धवट भरलेला फोल्डर बॅकअपवर मिरर करून गेला (म्हणजे फोल्डरमध्ये नाही ते बॅकअपमधूनही पुसून) तर जे अजून आत आलेलं नाही ते ड्राइव्हवरूनही उडेल. सर्व्हर रॅन्समवेअरने, म्हणजे फाईल लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसने, गेला असेल तर गोष्ट वेगळी, मग ड्राइव्ह आधी दुसऱ्या स्वच्छ मशिनला लावून स्कॅन करा, घाई करू नका.

आता स्पीड. घोडं कुठे अडलंय ते बऱ्याचदा आकडाच सांगतो. साधा यूएसबी २ पोर्ट असेल तर ३०-३५ एमबी मिळतात, म्हणजे दीड टीबीला साधारण १२ तास. स्पीड ११ च्या आसपास खिळून राहिला असेल तर मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसचं नेटवर्क आहे, जुना स्विच किंवा एक तार तुटलेली लॅन केबल. सगळं नीट असेल तर चांगली पोर्टेबल डिस्क मोठ्या फाईल वाचताना १०० ते १२० पर्यंत देते, म्हणजे चारेक तासांचं काम. तुम्हाला ४-५ मिळतायत म्हणजे नुसता पोर्ट बदलून भागणार नाही, तुमचं कारण बहुतेक पुढच्या तीनपैकी एक आहे.

पहिलं, ड्राइव्ह नक्की कुठे लावलाय? स्वतःच्या पीसीला लावून रिमोट डेस्कटॉपमधून सर्व्हरवर ओढताय का? खूप जण असंच करतात कारण सर्व्हर रूममध्ये उभं राहायचा कंटाळा येतो, पण तो रस्ता एवढ्या डेटासाठी नाहीच, वायफायवरच्या लॅपटॉपचंही तेच. ड्राइव्ह थेट सर्व्हरला लावा, पाठीमागच्या पोर्टला. निळ्या रंगाचा किंवा एसएस लिहिलेला पोर्ट बघा, जुन्या सर्व्हरला तो नसतोच, मग यूएसबी ३ चं पीसीआय एक्सप्रेस कार्ड टाकायचं, महाग नसतं. आणि केबल बघा, हे फार कोणी बघत नाही. पोर्टेबल ड्राइव्हच्या त्या रुंद दोन भागांच्या सॉकेटमध्ये जुन्या मोबाईलची चार्जिंगची मायक्रो यूएसबी केबलसुद्धा बसते आणि ड्राइव्ह चालतोही, पण यूएसबी २ वर. एका कारखान्यात मी दोन तास सेटिंग्ज तपासत होतो आणि मूळ केबल कोणीतरी घरी नेली होती.

दुसरं, लहान फाईल. माझा अंदाज तुमचं हेच आहे. हार्ड डिस्कला एक १० जीबीची फाईल वाचणं सोपं, पण त्याच १० जीबीच्या दोन लाख फाईल असतील तर प्रत्येक फाईलसाठी डिस्कचं वाचणारं हेड इकडून तिकडे पळतं, त्यात विंडोजला प्रत्येक फाईल उघडा, लिहा, बंद करा, अँटीव्हायरसला दाखवा हा सगळा सोपस्कार. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सला जाऊन एक्सटर्नल डिस्क बघा, अॅक्टिव्ह टाइम १०० टक्के आणि स्पीड मात्र ३-४ एमबी आणि तो सारखा वरखाली, म्हणजे हेच.

याला उपाय म्हणजे ती माऊसने लावलेली कॉपी कॅन्सल करा आणि रोबोकॉपी वापरा, कमांड टाइप करून चालवायचा हा कॉपी प्रोग्रॅम विंडोजमध्ये असतोच. झालेलं वाया जात नाही, साइझ आणि तारीख जुळली की तो ती फाईल सोडून पुढे जातो. एमटी स्विच (स्विच म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय, हा /MT) देऊन एकावेळी ८ किंवा १६ फाईल चालू द्या, त्याच्या वर नको, ६४-१२८ लावणारे लोक एसएसडीचा सल्ला हार्ड डिस्कला लावतात आणि हेड अजूनच पळत बसतं. आर आणि डब्ल्यू (/R, /W) हे दोन स्विच स्वतः १ आणि १ द्याच, कारण न दिल्यास रोबोकॉपी एका न वाचता येणाऱ्या फाईलवर १० लाख वेळा प्रयत्न करतो आणि प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबतो, म्हणजे तुम्ही सकाळी येऊन बघाल तर रात्रभर तो एकाच फाईलवर ढिम्म बसलेला. डेटाबेसच्या बॅकअपसारख्या अवाढव्य फाईल वेगळ्या काढून त्यांना /J हा स्विच लावा. कॉपीऑल (/COPYALL) दिलं तर फोल्डरच्या परमिशन्सही येतात, माऊसने आधी कॉपी झालेल्या फाईलना त्या आलेल्या नसतात म्हणून जोडीला सेकफिक्स (/SECFIX) द्या. ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटचा असेल तर मात्र परमिशन्स त्यात नाहीतच, त्या हाताने लावाव्या लागतील. आणि मिरर करणारा एमआयआर (/MIR) स्विच इथे अजिबात नको, सोर्स आणि डेस्टिनेशन चुकून उलटं टाइप झालं तर बॅकअप साफ होतो.

अँटीव्हायरसमध्ये डेस्टिनेशन फोल्डर तेवढ्यापुरता एक्सक्लूड करा (रॅन्समवेअरचा संशय नसेल तरच), लहान फाईलना याने चांगला फरक पडतो. बॅकअप झिपमध्ये असेल तर तो एक्सटर्नल ड्राइव्हवरच एक्स्ट्रॅक्ट करू नका, एकाच हेडने वाचायचं आणि लिहायचं म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ तिथेच जातो, थेट सर्व्हरच्या डिस्कवर उघडा.

तिसरं कारण सर्व्हरच्या आतलं. नवीन डिस्क टाकलीय म्हणजे रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायची रचना, RAID) असेल तर ते मागे रिबिल्ड होत असेल, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरत असेल, आणि रेड ५ वर रिबिल्ड चालू असताना लिहिणं रांगतं. रेड कार्डची बॅटरी मेली असेल तर बरीच कार्डं राइट कॅश (लिहायचा डेटा आधी मेमरीत धरून ठेवणं) बंद करून प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहितात, पाच-सात वर्षं जुन्या सर्व्हरवर हे मी कितीतरी वेळा बघितलंय. ओळखायचं कसं तर एखादी मोठी फाईल सर्व्हरच्याच एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करून बघा, तिथेही रखडलं तर ड्राइव्हचा दोष नाही. वीज जाऊ शकते म्हणून बॅटरीशिवाय राइट कॅश जबरदस्तीने चालू करण्याआधी यूपीएस भरवशाचा आहे ना ते बघा.

स्पीड शून्यावर येऊन काही सेकंद थांबतोय आणि ड्राइव्हमधून टकटक आवाज येतोय, असं असेल तर मात्र सगळं थांबवा. तो ड्राइव्ह आजारी आहे. त्यावर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) नको, नेटवर कोणी सांगतं म्हणून डिफ्रॅग तर मुळीच नको, लिनक्सच्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आधी त्याची अख्खी इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घ्या. आणि डिव्हाइस मॅनेजरमधलं बेटर परफॉर्मन्सचं सेटिंग सुचवणारे भेटतील, ते ड्राइव्हवर लिहिण्यासाठी आहे, तुम्ही तर वाचताय, त्याचा इथे उपयोग नाही.

बरं, एवढं करूनही लाखो लहान फाईलचं काम चार तासांत होईल असं मी सांगणार नाही, एक रात्र धरा. म्हणून मी क्रम लावतो, आणि ऑफिसच्या दृष्टीने वेळ खरं तर इथेच वाचतो. अकाउंट्सवाल्या ताईंना विचारा की उद्या सकाळी काय लागणार. आधी टॅली आणि बिलिंगचा डेटाबेस, कारण जीएसटी रिटर्न, ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० चं ३बी, कोणासाठी थांबत नाही, आणि हे सहसा काही जीबीच असतं, तासाभरात आत. मग चालू वर्षाचे फोल्डर. २०१२ पासूनची ड्रॉइंग्ज, स्कॅन, फोटो शेवटी, ते लोक काम करत असतानाही येत राहतील. विंडोज सर्व्हर बॅकअपने घेतलेला असेल तर आतली व्हीएचडीएक्स फाईल (अख्खी डिस्क एका फाईलमध्ये) डिस्क मॅनेजमेंटमधून रीड-ओन्ली जोडता येते, अख्खा रिस्टोअर न करता हवा तो फोल्डर आधी बाहेर काढा.

सगळं आलं असं वाटलं की तीच रोबोकॉपी कमांड एल (/L) स्विच लावून परत चालवा, ती काही कॉपी करत नाही, फक्त काय राहिलंय त्याची यादी देते. यादीत एकही फाईल आली नाही, टॅली उघडून शेवटचं व्हाउचर दिसलं, मग ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा आणि रात्रीचा बॅकअप दुसऱ्या नव्या ड्राइव्हवर चालू करा.