जुना मतदारसंघ ‘सापडत नाही’ म्हणतायत ना? (मोठं उत्तर आहे, चहा घेऊन बसा)

तुमची पोस्ट वाचून हसू पण आलं आणि डोकं पण तापलं. मंडळाच्या स्मरणिकेत तुमच्या रत्नागिरीतल्या खेड तालुक्याच्या जुन्या आमदारांवर लेख द्यायचाय, साईटवर ‘खेड’ टाकलं की पुण्याकडचं खेड आळंदी समोर येतंय आणि ऑफिसात विचारलं तर "असा मतदारसंघच नाही" म्हणतायत. सेम टू सेम आमच्या बाबतीत झालेलं, फक्त तालुका वेगळा. निवडणूक आयोगाचे निकालाचे रिपोर्ट कुठून उतरवायचे वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंच असणार.

घोळाचं मूळ 2008 ची मतदारसंघांची पुनर्रचना. 2004 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात सात जागा होत्या, दापोली, खेड, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, राजापूर. त्यातले खेड आणि संगमेश्वर गेले, पाच राहिले. सिंधुदुर्गात सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवगड असे चार होते, त्यांचे सावंतवाडी, कुडाळ, कणकवली असे तीन झाले. 2009 ची निवडणूक या नव्या नकाशावर झाली. म्हणून शिवसेनेचे रामदास कदम 1990 ते 2004 चारही वेळा खेडचे आमदार आणि 2009 ला एकदम गुहागरला उभे दिसतात, तिथे भास्कर जाधवांकडून पडले. अरे पण खेड उरलंच कुठे होतं, तालुका दापोली आणि गुहागरमध्ये वाटून टाकलेला! हे न सांगता नुसतं "मतदारसंघ बदलला" छापलंत तर वाचणाऱ्याला वाटणार घाबरून पळाले. नारायण राणेंचं पण तसंच, मालवणचे आमदार आणि 2009 ला कुडाळचे, माणूस तोच नि राजकारणाचा पट्टाही बराचसा तोच.

आता आमच्या वेळच्या ऑफिसबद्दल. नाव घेत नाही, जिल्हाही सांगत नाही. आम्हाला 1978 पासूनचे उमेदवारवार आकडे हवे होते, आणि बूथवार काही शिल्लक असेल तर ते पण. रीतसर माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, 10 रुपयांचा स्टँप लावून. तीस दिवस संपता संपता उत्तर आलं, "सदर नावाचा विधानसभा मतदारसंघ अस्तित्वात नाही, सबब माहिती निरंक." झालं! ज्या टेबलावरून हे पत्र निघालं त्याच्या मागच्या भिंतीवर जुन्या निवडणूक अधिकाऱ्यांच्या नावांची पाटी होती, त्यात आमच्या मतदारसंघाचं नाव मोठ्या अक्षरात रंगवलेलं. मी बोट दाखवलं तर साहेब म्हणतात ते जुनं आहे. अहो जुनंच तर मागतोय! बरं, कागद त्यांच्याकडे नसतील तर कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत ज्यांच्याकडे असतील त्यांच्याकडे वर्ग करायचा असतो, निरंक लिहून फाईल बंद करायची नसते. या सगळ्यात गणपती निघून गेले. चाकरमानी येतात तेव्हाच स्मरणिका खपते, नंतर कोण विचारतंय, जाहिरातवाल्यांनी पैसे परत मागितले ते वेगळंच.

तेव्हा तुमच्या अर्जात नुसतं ‘खेड मतदारसंघ’ लिहू नका. ‘1976 च्या परिसीमन आदेशानुसार अस्तित्वात असलेला आणि 2008 च्या आदेशाने दापोली व गुहागर यांत विभागलेला’ असं लांबलचक लिहा (परिसीमन म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणं) आणि शेवटी कलम 6(3) चा उल्लेख करा. तरी निरंक आलं तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील, त्याला 20 रुपये. मी वकील नाही, अनुभवावरून सांगतोय, एकदा कुणा जाणकाराला दाखवून घ्या. आणि बूथवार जुने आकडे मिळतील अशी फार आशा धरू नका, कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात. उमेदवारवार आकडे आयोगाच्या रिपोर्टात आहेतच, माझ्या मते स्मरणिकेला तेवढे बास.

रिपोर्टात पोटनिवडणुका नसतात हे मात्र लक्षात ठेवा. 2004 चा रिपोर्ट बघून मालवणला शिवसेना लिहाल, पण राणे काँग्रेसमध्ये गेल्यावर 2005 ला तिथे पोटनिवडणूक झाली आणि ते काँग्रेसकडून परत निवडून आले, ती ओळ तुम्हाला वेगळी शोधावी लागेल. तसंच 1981 च्या आधीच्या रिपोर्टात सिंधुदुर्ग शोधू नका, तेव्हा सगळा रत्नागिरी जिल्हाच होता, आणि रायगडच्या जागी कुलाबा.

विधानमंडळ प्रत्येक विधानसभेच्या सदस्यांच्या संक्षिप्त परिचयाचं पुस्तक काढतं. जन्मतारीख, शिक्षण, कुठल्या समितीवर होते ते त्यात मिळतं. पण माहिती बहुतेक सदस्यांनीच दिलेली असते हे ध्यानात ठेवून वाचा, ‘सामाजिक कार्याची आवड’ सगळ्यांनाच असते. आणि क्रमांकात फसू नका, 1962 ला निवडून आलेली ती दुसरी विधानसभा, पहिली म्हणजे राज्य झालं तेव्हा 1957 च्या निवडणुकीतली जी चालू राहिली ती. एका गौरव अंकात मी हे चुकलेलं पाहिलंय आणि पुढचे सगळे आकडे एकाने घसरलेले.

गावातल्या म्हाताऱ्यांना साल विचारू नका, निशाणी विचारा. बैलजोडी म्हणाले तर काँग्रेस, 1967 किंवा त्याआधी. गाय-वासरू म्हणाले तरी काँग्रेसच, पण बहुधा 1972. झोपडी म्हणाले तर प्रजा समाजवादी पक्ष, त्यांचे खासदार नाथ पै यांच्या काळातली. सालापेक्षा हे पक्कं आठवतं लोकांना, कारण भिंतीवर तेच रंगवलेलं असायचं, आमच्या घराच्या पडवीवर चुन्याखाली अजून अर्धी झोपडी दिसते.

माझं वैयक्तिक मत, पटलं तर घ्या: पक्षांतरावर शेरे मारू नका, सरळ साल, मतदारसंघ, पक्ष, मतं एवढा तक्ता द्या, कोकणात प्रत्येक वाडीत दोन्ही बाजूची माणसं आहेत आणि वर्गणी सगळ्यांकडूनच घ्यायची असते. विजय-पराभव दोन्ही टाका, पडलेली निवडणूक गाळणारे लेख मला तरी फुकट वाटतात. आणि विधान परिषदेवरचे आमदार वेगळ्या रकान्यात, नाहीतर रामदास कदम 2009 ला पडूनही नंतर मंत्री कसे, असा फोन तुम्हाला येणारच.

संगमेश्वर आणि देवगडची 1978 ते 2004 ची यादी मी टाइप करून ठेवलीय, खेडची अर्धी झालीय. हवी असेल तर मेसेज करा, फक्त मूळ रिपोर्टाशी एकदा ताडून घ्या, टायपिंग रात्री केलंय.